पुन्हा पुन्हा उगवणारं तण: प्लॉट, बांध आणि वाड्याची भिंत साफ करताना

उन्हाळ्यात जेसीबी लावून प्लॉट साफ करून घेतला आणि पोळा येईपर्यंत तिथे कंबरेएवढं रान माजलं, हा प्रकार जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही नव्या वस्तीत दिसतो. जेसीबीच्या बकेटने वरचा हिरवा भाग गेला, पण तणाचा जीव जागच्या जागी राहिला. हराळीचा जीव काशीत (आडव्या धावणाऱ्या, डोळे असलेल्या खोडात) असतो, लव्हाळ्याचा जमिनीतल्या गाठीत, गाजर गवताचा बियांत आणि वेड्या बाभळीचा बुंध्याच्या मातीखालच्या वीतभर भागात. म्हणून आधी ओळख, मग अवजार. उलटं केलं तर तण वाढतं, आणि वाढवणारे आपणच असतो.

खानदेशात एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या पुढे जातो, तेव्हा उघड्यावर पडलेली काशी किंवा गाठ फार दिवस तग धरत नाही. एवढं फुकटचं औषध घरात असताना लोक जुलैमध्ये चिखलात उभं राहून फवारणी करतात.

हराळी आणि कुंदा

हराळी जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. तिच्या काशा बहुतेक वरच्या सहा-आठ इंचांत असतात, काळ्या जमिनीत भेगांतून त्याहून खोल जातात. कुंदा हा काळ्या, खोल जमिनीचा रहिवासी. त्याच्या काशा दीड-दोन फुटांपर्यंत सापडतात, त्यामुळे नांगराचा फाळ त्याला नुसता खरचटतो.

वावर किंवा मोठा प्लॉट असेल तर रब्बी निघाल्यावर, जमिनीत थोडी ओल असतानाच पलटी नांगराने नऊ ते बारा इंच नांगरट करा. ओल असली की मोठी ढेकळं निघतात. ही ढेकळं लगेच फोडायची नाहीत. पंधरा-वीस दिवस तशीच तापू द्या, मग आडवी नांगरट द्या. त्यानंतर वखर फिरवला की सुटलेल्या काशा वर येतात. त्या दाताळ्याने ओढून वेचून घ्या. अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) पहिली नांगरट झालेली असावी, म्हणजे पुढचा कडक महिना पूर्ण हाती राहतो.

वेचलेल्या काशा उकिरड्यावर टाकू नका. तिथे ओल मिळते आणि पुढच्या वर्षी शेणखताबरोबर त्या परत वावरात येतात. खडकावर, स्लॅबवर किंवा पक्क्या अंगणात पसरून वाळवा. मधून काडी मोडून पाहा. कट्‌ आवाज करून तुटली तर मेली, वाकली तर अजून जिवंत आहे.

इथे सगळ्यात मोठी चूक रोटाव्हेटरची. जमीन भुसभुशीत दिसते, मालक खूश होतो, आणि खाली एकेका काशीचे दहा-दहा तुकडे झालेले असतात. ज्या तुकड्यावर एक डोळा आहे, त्यातून नवीन हराळी येते. काशा वेचून झाल्याशिवाय रोटाव्हेटर वावरात उतरवू नये.

घराभोवतीच्या गुंठा-दोन गुंठ्यांत ट्रॅक्टर फिरत नाही. तिथे फावड्याऐवजी टिकाव किंवा दाताळं वापरा. फावडं काशी कापतं, दाताळं ओढून काढतं. कुंद्याचे ठोंब मात्र कुदळीने एकेक खणावे लागतात. तो खड्डा लगेच बुजवू नका, आठवडाभर उघडा ठेवा, म्हणजे कडेला राहिलेले तुकडे दिसतात.

हराळीला सावली सोसत नाही. उन्हाळी नांगरटीनंतर मृगाच्या पावसावर ताग दाट पेरला (एकरी २० ते २५ किलो, गुंठ्याला ५०० ते ६०० ग्रॅम) तर दीड महिन्यात तो डोक्याला लागतो आणि खाली ऊन पोचत नाही. फुलावर येण्याच्या सुमारास गाडला की खतही झालं. बागेच्या कोपऱ्यात पेरायचं नसेल तर जाड पुठ्ठे किंवा गोणपाट एकावर एक चढवून अंथरा आणि वर पाच-सहा इंच पालापाचोळा, केळीची वाळलेली पानं टाका. हे आच्छादन निदान एक पूर्ण पावसाळा हलवायचं नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या वापरणार असाल तर बारीक करून, बोंडं काढूनच वापरा. वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते.

लव्हाळा

काडी बोटांत फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर ते गवत नाही, लव्हाळा आहे. कोणी मोथा म्हणतं, कोणी नागरमोथा. उटण्यातला सुगंधी नागरमोथा याच कुळातला, पण अंगणात आला की त्याचा सुगंध कोणाला येत नाही.

लव्हाळा उपटला की पान हातात येतं आणि गाठ खाली राहते. गाठींची माळ असते. एक गाठ जागी असते, तिच्या मागच्या झोपलेल्या असतात. माळ तुटली की झोपलेल्या गाठींनाही कोंब फुटतात. म्हणूनच खुरपणी केल्यावर आठ दिवसांत पूर्वीपेक्षा दाट लव्हाळा दिसतो आणि लोक नशिबाला दोष देतात.

कोंब वर आल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत त्याच्या मुळाशी नवीन गाठ धरायला लागते. सगळं गणित या मुदतीवर आहे. दर पंधरा-वीस दिवसांनी, न चुकता, खुरपं खोल घालून कोंब गाठीसकट काढला तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो आणि नवी गाठ तयार होत नाही. दोन पाळ्या नीट केल्या आणि तिसरी लग्नसराईत राहून गेली, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे काम एका हंगामात संपत नाही, दोन हंगाम धरून चाला.

उन्हाळ्यात पाण्याची सोय असेल तर एक युक्ती आहे. मार्च-एप्रिलमध्ये जागा भिजवा. झोपलेल्या गाठी कोंब काढतील. दोन आठवड्यांनी वापसा आला (माती हाताला चिकटेनाशी झाली) की टिकावाने आठ-दहा इंच खणून माती उलटी करा आणि मग पाण्याचा थेंबही देऊ नका. गाठी वर उघड्या राहिल्या तरच वाळतात, मातीत झाकलेली गाठ उन्हाला दाद देत नाही. म्हणून चार-पाच दिवसांनी दाताळ्याने परत उलथापालथ करा. डुकरं या गाठी आवडीने उकरून खातात, पण ती सोय प्रत्येकाला परवडणारी नाही.

काळ्या मल्चिंग पेपरवर भरवसा ठेवू नका. लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, ते पेपर भोकसून वर येतं. टरबूज-मिरचीच्या बेडवर हे खानदेशात सर्रास पाहायला मिळतं. बियांपासून येणाऱ्या तणांसाठी मात्र पारदर्शक प्लास्टिक चांगलं: जमीन भिजवून वर २५ मायक्रॉनचा (१०० गेज) पारदर्शक कागद ताणून, कडा मातीत गाडून, एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे ठेवायचा. वरच्या दोन-तीन इंचांतलं बी बरंचसं मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी यानेही पूर्ण मरत नाहीत.

मक्यात किंवा उसात लव्हाळा असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे निवडक तणनाशक आहे, एकरी ३६ ग्रॅम, लव्हाळा तीन-चार पानांवर असताना. परिणाम सावकाश दिसतो: आधी पिवळेपणा, मग तीन-चार आठवड्यांत वाळणं. आठ दिवसांत काही दिसलं नाही म्हणून दुसरा हात मारू नका. कपाशीत, केळीत किंवा भाजीपाल्यात हे चालत नाही.

लव्हाळा बहुतेक वेळा विकत आणलेला असतो. रोपवाटिकेच्या पिशवीतली माती, तलावाचा गाळ, शेजारच्या वावरातून आलेलं अवजार. नवीन रोप लावण्याआधी पिशवी फोडून पाहायला एक मिनिट लागतं.

गाजर गवत

हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि पुढे देशभर पसरलं. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात. फूल येण्याआधी उपटलं तर काम झालं. फुलल्यावर उपटलं तर आपण हलवून हलवून बी पेरलं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं. त्यामुळे मृगाच्या पावसावर उगवलेलं पहिलं पीक आषाढ सरायच्या आत उपटायचं, आणि दुसरी फेरी श्रावणात कानबाई बसायच्या सुमारास.

पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना मुळासकट उपटा. कापलं तर बुडातून फुटतं आणि बुटक्या झाडालाही फुलं येतात. उघड्या हाताने उपटू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, नाकाला फडकं लावा. या झाडाने अंगाला खाज सुटते, फोड येतात, परागकणांनी दमा बळावतो. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं, त्रास वारंवार संपर्कानेच वाढत जातो. ज्याला एकदा पुरळ आलं त्याला परत या कामाला लावू नये.

उपटलेल्या, फूल न आलेल्या गवताचं खत होतं. पाणी न साचणाऱ्या जागी तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्डा घ्या. ५० किलो गवताचा थर, त्यावर शेणकाला, ५०० ग्रॅम युरिया, ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (कुजवणारी बुरशी) आणि थोडी माती, असे थर दाबत दाबत भरा. वर घुमटासारखा ढीग करून माती-शेणाने लिंपा. चार-पाच महिन्यांत खत तयार होतं. फुललेलं गवत यात टाकू नका.

रस्त्याच्या कडेच्या, कोणाच्याच नसलेल्या जागेसाठी मेक्सिकन भुंगे (झायगोग्रामा) उपयोगी पडतात. १९८३ मध्ये ते मेक्सिकोहून भारतात आणले गेले. भुंगे आणि त्यांच्या अळ्या दोन्ही पानं खातात. पावसाळा सुरू झाल्यावर, गवत कोवळं असताना सोडायचे. हिवाळ्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत ते मातीत जाऊन बसतात, म्हणून उन्हाळ्यात सोडून उपयोग नाही. त्या पट्ट्यात कीटकनाशक फवारलं तर भुंगे आधी मरतील. जोडीला तरोट्याचं (टाकळ्याचं) बी गोळा करून उन्हाळ्याअखेर फेकून ठेवा. तरोटा दाट उगवतो आणि गाजर गवताला जागा देत नाही. तरोटाही तणच, पण जनावराला-माणसाला त्याचा तसा त्रास नाही, आणि कोवळ्या पानांची भाजी होते.

मोबाईलवर फिरणाऱ्या मीठ-पाण्याच्या नुसख्याबद्दल: १५-२० टक्के मिठाच्या पाण्याने गाजर गवत करपतं, हे खरं आहे. पण मिठातलं सोडियम काळ्या मातीत साचलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि नंतर तिथे तुम्हाला हवं ते झाडही लागत नाही. फरशीच्या फटीत उकळतं पाणी ओता, मीठ नको.

वेडी बाभूळ आणि इतर काटेरी झुडपं

आधी खात्री करा. देशी बाभळीला पिवळी गोल गोंड्यासारखी फुलं आणि मण्यांच्या माळेसारखी शेंग येते. वेड्या बाभळीचं फूल लांबट, लोंबतं, फिकट पिवळं, आणि शेंग सलग, पिवळसर, गोड. देशी बाभूळ बांधावर राहू द्या.

वेडी बाभूळ जमिनीलगत कापणं म्हणजे तिची छाटणी करणं. कापलेल्या बुंध्यातून आठ-दहा फुटवे येतात आणि दोन वर्षांत पूर्वीपेक्षा मोठं जाळं होतं. फुटवे येणारा भाग मातीखाली असतो. म्हणून बुंध्याभोवती दीड फूट रुंद चर खणा, माती बाजूला करा आणि जमिनीखाली आठ ते बारा इंचांवर मुख्य मूळ कुऱ्हाडीने तोडा. मांडीएवढ्या बुंध्यांना जेसीबी लावायचा असेल तर चालकाला आधीच सांगा: बकेटने मोडायचं नाही, बाजूने उकरून मुळासकट उचलायचं. मोडलेला बुंधा परत फुटतो, आणि पैसे तर गेलेले असतात.

हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करा, शेंगा पिकायच्या आत. शेंगा शेळ्या खातात आणि बी लेंडीतून चांगलं रुजतं. पिकलेल्या शेंगांच्या वेळी शेळ्या त्या झाडाखालून थेट आपल्या वावरात बसवू नका. जमिनीत पडलेलं बी अनेक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे पुढचे तीन-चार पावसाळे पहिल्या पावसानंतर एक फेरी मारायची आणि गुडघ्याखालची रोपं ओल्या मातीतून उपटायची. मोठी झाल्यावर ती उपटत नाहीत.

काटा टायर फाडतो आणि चपलेतूनही आत जातो. जाड तळव्याचे बूट, चामड्याचे हातमोजे हवेत. काटा रुतून जखम खोल झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. झाडी तोडण्याआधी लांब काठीने आपटत पुढे सरका. अशा गर्दीत घोणस, फुरसं, नाग असतातच. ढीग रात्रभर पडू दिला तर सकाळी उचलण्याआधी पुन्हा हलवून पाहा. पेटवून देण्याचा मोह टाळा. मार्चनंतर सुकं गवत आणि वारा असला की आग बांधावर थांबत नाही, आणि बुंधा तर आगीनंतरही फुटतो.

सातपुड्याच्या पायथ्याला टणटणी (घाणेरी) हीच डोकेदुखी. तिलाही वरून कापून उपयोग नाही. खोडाच्या खाली तीन-चार इंचांवर मूळ कापून झुडूप उलटं ठेवा, मुळं वर, म्हणजे परत जमीन धरत नाही. वनखात्याच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय काहीच तोडू नका. नाल्याकाठच्या बेशरमीचा तोडलेला प्रत्येक तुकडा ओलीत रुजतो, म्हणून तो पाण्यापासून लांब नेऊन वाळवा.

शहराच्या हद्दीत झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. गावात, शेतात साग, चिंच, आंबा, मोह, अंजन अशा झाडांना १९६४ चा कायदा लागू होतो. झुडूप समजून झाड पाडलं तरी दंड चुकत नाही.

भिंतीतला पिंपळ आणि धाब्यावरचं गवत

पेन्सिलएवढा पिंपळ असेल तर पावसात भिंत भिजलेली असताना छिन्नीने विटांमधला दर्जा (सांधा) मोकळा करून मुळासकट ओढा. अंगठ्यापेक्षा जाड मूळ ओढायचं नाही, त्याच्याबरोबर विटा येतात. ते कापा, कापलेल्या तोंडात खालच्या बाजूला तिरकी, दोन इंच खोल भोकं पाडा आणि पाच-दहा मिनिटांच्या आत पाणी न घातलेलं ग्लायफोसेट (मुळापर्यंत पोचणारं तणनाशक) ड्रॉपरने भरा. वर ओल्या मातीचा गोळा. दोन-तीन महिन्यांनी मूळ वाळून सैल होतं, मग काढा. जुन्या वाड्याच्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत पोकळी सिमेंटने भरू नका, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू घ्या. सिमेंट आणि जुनी भिंत एकजीव होत नाहीत, कडेने फट पडते, आणि पुढचं बी तिथेच रुजतं. धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरावरचं गवत मृगाआधी काढा. पावसात उपटलं तर मुळाच्या जागेने पाणी थेट घरात येतं.

तणनाशक वापरायचंच असेल तर

ग्लायफोसेटच्या वापरावर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने निर्बंध घातले: फवारणी परवानाधारक पेस्ट कंट्रोल व्यावसायिकामार्फतच. भिंतीतल्या पिंपळालाही हेच लागू. सध्या काय नियम आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. पिकात ते मुळीच नको.

४१ टक्के ग्लायफोसेटचं प्रमाण एकरी ८०० मिली ते १.२ लिटर. पाणी २०० लिटर धरलं तर १५ लिटरच्या पंपाला ६० ते ९० मिली. स्वतःचा पंप किती पाणी टाकतो ते आधी मोजा: ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आखा, साध्या पाण्याने फवारा, किती लिटर संपलं ते पाहा. पाच लिटर लागलं तर एकरी २०० लिटर. दुप्पट औषध टाकलं की पानं दोन दिवसांत करपतात, माणूस समाधानी होतो, पण करपलेलं पान औषध काशीपर्यंत पोचवत नाही. पंधरा दिवसांनी हराळी परत हसत उभी.

गढूळ पाणी वापरू नका, मातीला चिकटून औषध निकामी होतं. बोअरचं पाणी जड असेल तर आधी लिटरला २० ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवा, मग औषध घाला. धुळीने माखलेल्या किंवा उन्हाने सुकलेल्या तणावर फवारणी वाया जाते. तण हिरवं, वाढीत, वीतभर उंच हवं. नंतर सहा तास पाऊस नको आणि निदान दहा दिवस कापणी नको. जस्ताच्या बादलीत द्रावण करू नका, प्लास्टिकची घ्या.

टू-फोर-डी या रुंद पानांच्या तणांवरच्या औषधाबद्दल खानदेशात वेगळं सांगायला हवं, कारण शेजारी कपाशी असते. वाऱ्याबरोबर गेलेला अगदी थोडा अंशही कपाशीला पुरतो: पानं अरुंद होऊन बोटांसारखी लांबतात, शिरा समांतर दिसू लागतात, पात्या (कळ्या) गळतात. जून ते ऑक्टोबर कपाशीच्या आसपास हे औषध उघडूच नका. पॅराक्वॉट हे तणनाशक घरगुती जागेसाठी आणू नये. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना, नोझलला हूड लावून, गुडघ्याच्या खाली धरून करा. हातमोजे, मास्क, बूट घाला, आणि मध्ये तंबाखू नको. कोणाला मळमळलं, चक्कर आली तर उलटी करवू नका. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरांना बाटलीवरचं नाव हवं असतं.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि त्यावर लाल रंगाने मोठं लिहा. साध्या पाण्याने धुतलेल्या पंपात टू-फोर-डीचा अंश राहतो आणि पुढच्या महिन्यात मावा मारायला गेलेला माणूस स्वतःच्याच कपाशीवर तो फवारून येतो. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओता, नंतर बाटलीला भोकं पाडा. झाकण असलेली चांगली बाटली दिसली की घरात कोणीतरी तिच्यात तेल भरून ठेवतं.